पाऱ्याचा पासंग



आठवडी बाजारात दांडीचा तराजू समोर आला की जाणते गिऱ्हाईक आधी रिकामी पारडी बघते. पारड्यांत काही नसतानाही दांडी एका बाजूला कलत असेल, तर हलक्या पारड्याला एखादा खडा, चिंचोका नाहीतर लोखंडाचा तुकडा बांधून ती सरळ करावी लागते. त्या तुकड्याला आपण पासंग म्हणतो. ‘हा त्याच्या पासंगालाही पुरणार नाही’ असे आपण सहज बोलून जातो, पण मूळ शब्द बाजारातला आहे. पासंग लावण्यात लबाडी नाही. तो किती आहे हे झाकून ठेवण्यात लबाडी आहे, आणि तो किती हे ठाऊक नसताना माप घालण्यात मूर्खपणा आहे.

आज मी ज्या पासंगाविषयी बोलणार आहे तो उष्णता मोजणाऱ्या यंत्रांचा. हवेची उष्णता मोजणारा काचेच्या नळीतला पारा, शेताच्या कडेला उभे असलेले स्वयंचलित हवामान केंद्र, आणि शाळेतल्या संगणकाच्या पोटात नखाएवढ्या चिपवर बसवलेला सेन्सर, या तिघांचे कूळ एकच. तिघेही कधी ना कधी खोटे बोलतात. ते खोटे माणसाने कसे पकडले आणि कसे दुरुस्त केले, याचा इतिहास आपण पाहू. तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या प्राध्यापकाला संगणकाच्या काळजात डोकावायचे काय कारण? कारण असे की, खोट्या कागदातून खरी हकीकत काढणे हाच आमचा धंदा. आणि यंत्राने दिलेला आकडा हाही एक कागदच असतो.

प्रथम पाऱ्याची गोष्ट. १७४२ साली स्वीडनच्या अँडर्स सेल्सियस याने उष्णतेची शंभर भागांची मोजपट्टी सुचवली. गंमत अशी की त्याच्या मूळ पट्टीवर उकळत्या पाण्याला शून्य आणि गोठणाऱ्या पाण्याला शंभर होते. १७४४ साली तो वारला आणि त्यानंतर लवकरच ती पट्टी उलटी करण्यात आली. आज शाळेत आपण शिकवतो ती ही उलटवलेली पट्टी. म्हणजे नुसता आकडा पुरत नाही. तो कुठल्या पट्टीवरचा, हे आधी विचारावे लागते. ही खूणगाठ बांधून ठेवा, पुढे तिचे काम पडणार आहे.

पट्टी ठरली तरी काच स्वस्थ बसत नाही. तापवून बनवलेली काच थंड झाल्यावरही वर्षानुवर्षे किंचित आकसत राहते. पाऱ्याचा फुगा लहान होतो, पारा नळीत वर ढकलला जातो, आणि बर्फात ठेवलेला तापमापक शून्याऐवजी शून्याच्या जरा वरचा आकडा दाखवू लागतो. इंग्लंडचा शास्त्रज्ञ जेम्स जूल याने आपल्या एका तापमापकाचे शून्य १८४४ पासून १८८२ पर्यंत पुनःपुन्हा तपासले. ३८ वर्षे ते वर सरकतच होते. जूलने तापमापक फेकला नाही. शून्य किती सरकले हे लिहून ठेवले, म्हणजे वाचलेल्या आकड्यातून तेवढे वजा करता येते. हा झाला पाऱ्याचा पासंग. पुढे वेधशाळांमध्ये चांगल्या तापमापकासोबत एक दाखलाच येऊ लागला : अमुक अंशावर इतके वजा करावे, तमुक अंशावर इतके मिळवावे.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ. मुंबईला कुलाब्याच्या टोकाशी ईस्ट इंडिया कंपनीने १८२६ साली वेधशाळा स्थापन केली, आणि १८४१ पासून तेथे हवामानाच्या व भूचुंबकाच्या नियमित नोंदी होऊ लागल्या. लोकमान्य टिळकांचे गणिताचे गुरू केरूनाना छत्रे यांनी तरुणपणी याच वेधशाळेत काम केले होते. ठरलेल्या वेळी यंत्रापुढे उभे राहायचे, आकडा वाचायचा, वहीत लिहायचा, असे हे काम. त्यात नाव होत नाही. पण साठ वर्षांच्या अशा वह्या जमल्या की त्यांची किंमत सोन्यात होत नाही.

विसाव्या शतकाच्या तोंडावर या वह्यांवर संकट आले. मुंबईतली घोड्यांची ट्राम जाऊन विजेची ट्राम येणार असे ठरले. ट्राम कुलाब्याकडे धावणार, तिच्या रुळांतून वीज जमिनीत झिरपणार, आणि त्या विजेने वेधशाळेतली चुंबकसुई डळमळणार. सुई चांगली, वाचणारा चांगला, तरीही आकडा खोटा! दोष यंत्रात नसून शेजारात. त्या वेळी वेधशाळेचे प्रमुख होते नानाभाई मूस. या जागेवर आलेले ते पहिले भारतीय. त्यांनी चुंबकाची यंत्रे समुद्रापलीकडे अलिबागला नेण्याचे ठरवले. तेथल्या इमारती चुंबकावर परिणाम होणार नाही अशा दगडाच्या आणि साहित्याच्या बांधल्या.

मूस यांचे खरे शहाणपण पुढच्या गोष्टीत दिसते. अलिबागचे काम १९०४ साली सुरू झाले, पण कुलाब्याचे लगेच बंद केले नाही. १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी नोंदी घेतल्या. दोन वर्षे दोन्ही सुया शेजारी शेजारी, म्हणजे मधे समुद्र ठेवून शेजारी, चालल्या. त्यामुळे कुलाब्याच्या आणि अलिबागच्या आकड्यांत फरक किती, हे मोजून ठरले आणि जुन्या साठ वर्षांच्या वह्या नव्या वह्यांशी जोडता आल्या. विजेची ट्राम मुंबईत १९०७ साली धावली, तोवर हे काम पुरे झाले होते. फरक अंदाजाने न घेता जुने व नवे एकत्र चालवून मोजायचा, ही दुसरी खूणगाठ.

कधी दोष यंत्रातही नसतो आणि शेजारातही नसतो. तो वाचणाऱ्याच्या डोळ्यांत असतो. लिबियातल्या अल् अझीझिया या गावी १३ सप्टेंबर १९२२ रोजी ५८ अंश उष्णता नोंदली गेली. जगातली सर्वांत मोठी उष्णता म्हणून हा आकडा भूगोलाच्या पुस्तकांत ९० वर्षे छापला गेला. जागतिक हवामान संघटनेने मूळ कागद काढून तपासले, तेव्हा दिसले की नोंद करणारा नवखा असावा आणि त्याने तापमापकातल्या खुणेच्या सळईचे भलतेच टोक वाचले असावे. अशाने सातएक अंशांची चूक होऊ शकते. २०१२ साली संघटनेने तो उच्चांक रद्द केला. ध्यानात घ्या, रद्द केला. ‘सात वजा करून ५१ लिहा’ असे म्हटले नाही. चूक झाली हे दिसते, पण ती नेमकी किती हे खात्रीने सांगता येत नाही, तेव्हा आकडा बाजूला ठेवणे हाच प्रामाणिक मार्ग. ही तिसरी खूणगाठ.

या तीन खूणगाठी पदराला बांधून आता आपण आजच्या काळात येऊ. आज बहुतेक ठिकाणी नळीपुढे उभा राहून आकडा वाचणारा माणूस नाही. त्याच्या जागी सेन्सर आहे. तो उष्णतेचे रूपांतर विजेत करतो, विजेचे आकड्यात करतो, आणि आकडा तारेवरून किंवा तारेवाचून दूर पाठवतो. सोय मोठी झाली. पण माणूस होता तेव्हा अशक्य आकडा दिसला तर तो निदान डोळे चोळून पुन्हा बघत असे. सेन्सर डोळे चोळत नाही.

याचा अनुभव आपल्या राज्याने घेतला. २०२४ च्या मे महिन्यात उन्हाळा कडक होता. २९ मे रोजी दिल्लीजवळच्या मुंगेशपूर येथील स्वयंचलित केंद्राने ५२.९ अंश दाखवले, आणि दुसऱ्याच दिवशी, ३० मे रोजी, नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश! बातमी वाऱ्यासारखी पसरली. आता आपण इतिहासाच्या रीतीने विचार करू. भारतात मान्य झालेला उच्चांक ५१ अंशांचा. तो राजस्थानातल्या फलोदीचा, १९ मे २०१६ चा. साऱ्या जगाचा मान्य उच्चांक अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीचा, १० जुलै १९१३ रोजीचा, ५६.७ अंशांचा. म्हणजे नागपूर एका दुपारीत जगाच्या उच्चांकाला हात लावून आले, आणि त्याच शहराच्या आसपासची काही केंद्रे मात्र ४४ च्या घरात होती. शेजारच्या वावरात टिपूस नाही आणि आपल्याच वावरात ढगफुटी, असे कुणी सांगितले तर आपण काय करू? आधी त्याचे पर्जन्यमापक बघू. हवामान खात्याने तेच केले. नागपूरचा आकडा सेन्सरच्या बिघाडाचा म्हणून बाजूला ठेवला. मुंगेशपूरला प्रमाणित उपकरण शेजारी नेऊन ताडून पाहिले, तर तिथला सेन्सर ३ अंश जास्त दाखवत होता. पाहा बरे, एकाला रद्द केले, आणि दुसऱ्याचा पासंग शेजारी यंत्र ठेवून मोजला. अल् अझीझिया आणि अलिबाग, दोन्हींचे धडे त्या आठवड्यात कामी आले.

आता संगणकाच्या पोटात शिरू. संगणकाचा मेंदू म्हणजे प्रोसेसर नावाची चिप. नखाएवढ्या जागेत शेकडो कोटी सूक्ष्म विजेच्या कळा दाटलेल्या असतात. त्या उघडझाप करतात तेव्हा उष्णता निर्माण होते. ती वाढली तर चिप जळेल, म्हणून तिच्या अंगातच सेन्सर घडवलेला असतो. त्यात ना पारा ना नळी. विजेला एकाच दिशेने जाऊ देणारा डायोड नावाचा भाग असतो. त्याच्यावरचा विद्युतदाब उष्णता एक अंश वाढली की व्होल्टच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दुप्पट उतरतो. एवढ्याशा उतारावरून आकडा तयार होतो. फार तापले तर चिप आपली आपणच गती कमी करते, आणि अगदीच हाताबाहेर गेले तर बंद पडते.

पण पंखा किती वेगाने फिरवावा, माणसाला किती अंश दाखवावे, यासाठी तो आकडा संगणकाच्या कारभाऱ्यालाही वाचावा लागतो. या कारभाऱ्याला ऑपरेटिंग सिस्टिम म्हणतात, आणि तिचा जो अगदी आतला गाभा त्याला कर्नेल. गावाच्या कारभारात तलाठी जसा जमिनीच्या आणि सरकारच्या मधे बसतो, तसा कर्नेल यंत्राच्या आणि आपल्या मधे बसतो. यंत्राचा एकेक भाग वाचण्यासाठी त्याच्याकडे वेगवेगळे ड्रायव्हर असतात. हे ड्रायव्हर म्हणजे त्या त्या भागाची भाषा जाणणारे दुभाषे. फिनलंडचा विद्यार्थी लिनस टोरव्हाल्ड्स याने १९९१ साली लिनक्स नावाचा कर्नेल लिहायला घेतला आणि तो सर्वांसाठी उघडा ठेवला. जगभरच्या हजारो लोकांनी त्यात भर घातली. तो उघडा असल्यामुळेच त्यातल्या दुरुस्त्यांचा इतिहास आपल्याला वाचता येतो. त्यातल्या चार हकीकती सांगतो.

पहिली हकीकत इंटेल कंपनीच्या प्रोसेसरची. यांचा सेन्सर ‘उष्णता ६० अंश’ असे सांगतच नाही. तो सांगतो, ‘कमाल मर्यादेपासून मी ४० अंश खाली आहे.’ विहिरीत दोर सोडून पाणी काठापासून किती हात खाली, हे कळते. पण विहिरीत पाणी किती परस उरले, हे विहिरीची एकूण खोली ठाऊक असल्याशिवाय कळत नाही. इथेही तसेच. मर्यादा १०० असेल तर ४० खाली म्हणजे ६०, आणि मर्यादा ८५ असेल तर ४० खाली म्हणजे ४५. आणि ती मर्यादाच कंपनीने घराघरांतल्या अनेक प्रोसेसरांसाठी उघड केलेली नव्हती. २००७ साली लिनक्समध्ये यासाठी ड्रायव्हर आला, तेव्हा त्याला चिपच्या इतर खुणांवरून ८५ की १०० हा तर्क करावा लागे. तर्क चुकला की १५ अंशांचा घोळ. २००८ साली कंपनीने काही मर्यादा जाहीर केल्या, आणि त्याच वर्षअखेरीस आलेल्या नव्या पिढीपासून मर्यादेचा आकडा चिपमध्येच लिहून ठेवलेला सापडू लागला. मग तर्काचे कारण उरले नाही. विहिरीच्या काठावरच तिची खोली कोरली गेली.

याच सेन्सरांचे आणखी एक गुपित कळले. ते मर्यादेच्या जवळ बरे चालतात, पण चिप गार असताना त्यांचा आकडा भरवशाचा नसतो. काही तर खाली एका जागी अडकून बसतात. त्यात नवल नाही. चिप जळू नये म्हणून राखण करायला ते ठेवलेले. थंडीची नोंद करायला नव्हे. रात्री राखणदार असलेल्या माणसाला दिवसा गुरे मोजायला सांगितली आणि तो चुकला, तर दोष कुणाचा? म्हणून यंत्र कशासाठी केलेले आहे, हेही विचारावे.

दुसरी हकीकत एएमडी कंपनीच्या प्रोसेसरांची. त्यांच्या एका पिढीविषयी कंपनीनेच दोषपत्रकात छापले की आतल्या सेन्सरचा आकडा चुकीचा येऊ शकतो. किती चुकतो, कुठल्या बाजूला चुकतो, याचा काही नेम नव्हता. त्या पिढीसाठीचा ड्रायव्हर २००९ साली लिहिला गेला आणि २०१० च्या आरंभी लिनक्समध्ये रुजू झाला. दोष असलेली जात समोर आली की हा ड्रायव्हर आकडा दाखवायलाच नकार देई. हा सेन्सर भरवशाचा नाही, असे सांगून मोकळा होई. ज्याला हट्टच असेल त्याने स्वतःच्या जबाबदारीवर तो चालू करावा, एवढी वाट ठेवली होती. काहींना हे आवडले नाही. काहीतरी आकडा दिसावा असे माणसाला वाटतेच. पण चुकीचा आकडा बघून निर्धास्त होण्यापेक्षा आकडा नसलेला बरा. अल् अझीझियाची आठवण होते ना?

तिसरी हकीकत त्याच कंपनीची, २०१७ सालची. रायझन नावाचे नवे प्रोसेसर बाजारात आले. १७००एक्स आणि १८००एक्स घेणारे लोक घाबरले, कारण पडद्यावर उष्णता भलतीच दिसत होती. कंपनीने खुलासा केला : या प्रकारांत सेन्सर बोलतो त्या आकड्यात २० अंश मुद्दाम मिळवलेले आहेत. वेगवेगळ्या प्रकारांना पंख्याचा एकच नियम लागू पडावा म्हणून हा पासंग कारखान्यातच बांधला होता. साध्या १७०० मध्ये तो नव्हता. पुढच्या २७००एक्स मध्ये तो १० अंशांचा होता, आणि थ्रेडरिपर नावाच्या मोठ्या चिपमध्ये २७ चा. मग लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये एक यादी घातली गेली : अमुक नावाच्या चिपला इतके वजा करा. नाव पुरते जुळले तरच वजा करायचे. १७०० आणि १७००एक्स या नावांत अक्षराचा फरक, आकड्यात वीस अंशांचा. एका तराजूचा पासंग शेजारच्या तराजूला बांधला तर दोन्ही गिऱ्हाइके बुडाली.

चौथी हकीकत पट्टीची. याच घराण्याच्या चिपमध्ये उष्णता एकअष्टमांश अंशाच्या पायऱ्यांनी लिहिलेली असते, आणि त्या आकड्याला दोन पट्ट्या आहेत. एक शून्यापासून वर चढते, दुसरी उणे ४९ पासून. कुठली पट्टी चालू आहे हे शेजारच्या एका खुणेवरून ओळखायचे. ती खूण नीट वाचली नाही तर ४९ अंशांची चूक. २०२३ साली लक्षात आले की काही परिस्थितींत नेहमीची खूण एक सांगते आणि दुसरी एक खूण तिच्यावर मात करते. तेव्हा ड्रायव्हर सुधारला आणि तो दोन्ही खुणा बघू लागला.

मराठवाड्यातल्या माणसाला हे अवघड वाटू नये. आपल्याकडची निजामाच्या काळातली दप्तरे उघडली तर त्यांत सन फसली असतो. फसली १३५७ म्हणजे इसवी १९४७-४८. कुणी तो आकडा सरळ इसवी सन समजला, तर हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या ऐन धामधुमीतला कागद तो सहाशे वर्षे मागे, बहामनी काळात नेऊन ठेवील. कागद खरा, अक्षर खरे, शाई खरी. पट्टी तेवढी चुकली. सेल्सियसची उलटी पट्टी आणि फसली सन, दोघांचेही सांगणे एकच.

या चारही दुरुस्त्यांत मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट आता सांगतो. तिसऱ्या हकीकतीतल्या चिपसाठी ड्रायव्हरने पुढे दोन आकडे दाखवायला सुरुवात केली. एक चिप जसा बोलते तसा, आणि दुसरा पासंग वजा करून. दोघांना वेगवेगळी नावे दिली. मूळ आकडा पुसला नाही. शिवाय लिनक्सच्या कामात प्रत्येक बदलाबरोबर तो कोणी केला, कोणत्या तारखेला, आणि कशासाठी, हे लिहून ठेवावे लागते. आपल्याला ही रीत नवी आहे का? सातबारावर नाव बदलते तेव्हा जुने नाव खोडून टाकत नाहीत. त्याला कंस करतात, शेजारी फेरफाराचा क्रमांक लिहितात, आणि फेरफाराच्या वहीत कारण असते : वारसाने, खरेदीने, वाटणीने. पन्नास वर्षांनी वाद निघाला तर माणूस क्रमांक धरून मागे जाऊ शकतो. ज्या दुरुस्तीला फेरफार क्रमांक नाही ती दुरुस्ती नव्हे, खाडाखोड आहे. मूस यांनी दोन वर्षे दोन्हीकडच्या वह्या ठेवल्या त्या याचसाठी.

आता तुम्ही विचाराल, अलिबाग आणि नागपूर ठीक, पण आमच्या आष्टीला याचे काय? आमची आष्टी म्हणजे जालना जिल्ह्यातल्या परतूर तालुक्यातली. बीडची निराळी आणि वर्ध्याची निराळी. नुसते ‘आष्टीला ४३ अंश’ असे कुणी म्हटले तर तीन गावे माना वर करतील! हा भाग पूर्वी परभणी जिल्ह्यात होता, १९८१ साली जालना जिल्हा झाला तेव्हा इकडे आला. आपला जिल्हा मोसंबीचा. राज्यात २०१७ पासून महावेध प्रकल्पाखाली महसूल मंडळांच्या पातळीवर स्वयंचलित हवामान केंद्रे उभी राहिली. फळबागांचा विमा हवामानावर आधारलेला असतो, म्हणजे ठरलेल्या काळात पाऊस किंवा उष्णता ठरलेल्या मर्यादेच्या पलीकडे गेली का, यावर भरपाईचा हिशेब होतो. तुमच्या बागेत येऊन कुणी फळगळ मोजत नाही. केंद्राचा आकडा बोलतो. तो आकडा दोन अंश कमी बोलला तर बागाईतदाराचे नुकसान कागदावर होतच नाही. दोन अंश जास्त बोलला तर न झालेल्या नुकसानीचे पैसे जातात, आणि खऱ्या गरजूचा भरवसा उडतो. आता कळले, तीन अंशांचा पासंग किती जड असतो ते?

म्हणून शेतकरी बंधूंनी केंद्राकडे संशयाने बघावे असे मी म्हणत नाही. जाणत्या गिऱ्हाइकाने बघावे तसे बघावे. हे केंद्र पत्र्याच्या छपराशेजारी, डांबरी रस्त्याला लागून, भिंतीच्या कुशीत तर उभे नाही ना? सेन्सर शेवटचा कधी ताडून पाहिला आणि कशाशी? शेजारच्या मंडळांच्या आकड्यांशी त्याचा मेळ बसतो का? एखादा आकडा रद्द केला किंवा सुधारला, तर मूळ आकडा आणि कारण ठेवले आहे का? हे प्रश्न विचारायला शास्त्राची पदवी लागत नाही. तराजूची रिकामी दांडी बघायला कुठे लागते?

शिक्षक बंधुभगिनींना एक प्रयोग सुचवतो. शाळेतला प्रयोगशाळेचा तापमापक घ्या. ताप बघायची नळी घेऊ नका, ती या कामाची नव्हे. स्वच्छ पाण्याचा बर्फ बारीक कुटून भांड्यात भरा, फटी भरतील एवढेच गार पाणी घाला, ढवळा, तापमापकाचा फुगा बर्फात पुरता बुडवा आणि पाचदहा मिनिटे थांबा. डोळा पाऱ्याच्या सरळ रेषेत आणून आकडा वाचा. शून्य यायला हवे. अर्धा अंश दाखवला, तर त्या तापमापकाचा शून्याजवळचा पासंग अर्धा अंश. तो चिठ्ठीवर लिहून तारखेसह तापमापकाला बांधा. उकळत्या पाण्याने तपासणार असाल तर ध्यानात ठेवा की समुद्रसपाटीहून चारेकशे मीटर उंच असलेल्या आपल्या भागात पाणी शंभराच्या एक-दीड अंश आधीच उकळते. तो तापमापकाचा दोष समजू नका. नंतर सावलीत, वारा खेळता राहील अशा जागी, छातीएवढ्या उंचीवर तो टांगा आणि मुलांकडून रोज ठरलेल्या वेळी नोंद करवा. वहीला तीन रकाने पाडा : वाचलेला आकडा, पासंग, आणि दुरुस्त आकडा. पहिल्या रकान्यात खाडाखोड नाही, हा नियम पक्का. एखाद्या दिवशी मुलगा आला नाही, तर रकाना कोरा ठेवा. अंदाजाने भरू नका. कोऱ्या रकान्यालाही अर्थ असतो.

वर्षभरात अशा वहीची तीनशेच्या वर पाने होतील. तिच्यातले आकडे आपल्या मंडळाच्या केंद्राशी ताडून बघा. मुलांना अंश कळतील, सरासरी कळेल. आणि त्याहून मोठी गोष्ट म्हणजे यंत्राने सांगितले म्हणून मान डोलवायची नाही, आणि यंत्राने सांगितले म्हणून हसण्यावारीही न्यायचे नाही, ही सवय लागेल. पुढे त्यांतला एखादा संगणकाचा जाणकार होईल, एखादी तलाठी होईल, बरेचसे शेती करतील. तिघांनाही ही वही उपयोगी पडेल.